हात मांडीवर

दि. १२ फेब्रुवारी

चि. टिल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी पोचून तीन महिने झाले आणि तुला उत्तर द्यायला मला आज वेळ मिळाला. हे वाक्य लिहितानाच लक्षात आलं की ते खोटं आहे. वेळ होता, धीर नव्हता. तेव्हा इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल माफ कर, आणि वेळेबद्दल लिहिलेलं खोडलं असं समज.

आमचं प्रकाशनाचं ऑफिस अजून तिथेच आहे, प्रार्थनामंदिराच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर. बुधवारी खाली गायनाची तालीम चालते आणि वर वाचन समिती बसते. त्यामुळे आमच्याकडे खून आणि फसवणूक नेहमी चार सुरांच्या साथीवर होतात. समितीचे अध्यक्ष अजून काकाच. त्यांचं पाळकपद कधीच सुटलं, अध्यक्षपद सुटायचं नाव घेत नाही. शिवाय डॉक्टरीणबाई आणि हेडमास्तर. मी संपादक, म्हणजे मत नसलेली चौथी. मी चहा सांगायचा, आणि कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी वाचायचं.

आमची पद्धत तुला माहीत नसेल. इथे पुस्तक डोळ्यांनी वाचून मंजूर होत नाही. सभासद ते पाळीपाळीने मोठ्याने वाचतात आणि टायपिस्ट ऐकून टाइप करतो. ती मंजूर प्रत. छपाईला तीच जाते, आणि तिच्यात नंतर कुणीही, अध्यक्षांनीसुद्धा, हात घालायचा नाही, असा काकांनीच केलेला नियम आहे. कल्पना अशी की भल्या माणसाच्या जिभेवर वाईट शब्द येणारच नाही, म्हणजे तो आपोआप गळेल. पण नुसतं गाळून पुढे गेलं की वाक्य लंगडतं. म्हणून तिथे टेबलावर बोटाने ठोकायचं. किरकोळ शब्द असेल तर एकदा, जरा वजनदार असेल तर दोनदा, आणि कुणाच्या आईपर्यंत पोचत असेल तर तीनदा. टेबलावर पूर्वी हिरवं कापड होतं. ठोकण्याचा आवाज दबतो म्हणून ते काढून टाकलं.

ठोका पडला की तिघेही क्षणभर थांबतात, आणि प्रत्येकाने रिकाम्या जागी आपापला शब्द भरून घेतला हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. हेडमास्तरांचा शब्द तुझ्या शब्दापेक्षा बराच भारी असावा, कारण त्यांचे कान लाल होतात. तू एक शिवी लिहितोस, आमच्या टेबलाशी तिच्या तीन होतात.

तुझ्या कंत्राटदाराने लिफ्टचा दोर बदलायचे पैसे खाल्ले आणि चार माणसं खाली कोसळून मेली, ते प्रकरण समितीने एका बैठकीत मंजूर केलं. हेडमास्तरांनी कोसळण्याच्या वर्णनाची तारीफ केली. डॉक्टरीणबाईंनी हाडं कशी मोडतात याची एक दुरुस्ती सुचवली, ती मी सोबत पाठवते आहे, बरोबर आहे. मग तुझा मेकॅनिक खाली उतरून ते मांस आणि लोखंड बघतो आणि कंत्राटदाराला शिवी देतो. तिथे तीन ठोके पडले, काकांनी चष्मा काढला आणि समाज कुठे चाललाय यावर पाऊण तास चर्चा झाली. मेलेल्या चौघांबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं.

‘गाढव’ चालेल असं ठरलं आहे, कारण तो प्राणी पवित्र शास्त्रात सन्मानाने आला आहे. ‘कुत्रा’ संदर्भ बघून. ‘साला’वर मतभेद झाले. शेवटी हेडमास्तरांनी ‘मेव्हणा’ असा पर्याय काढला. म्हणजे तुझा मेकॅनिक आता म्हणतो की त्या मेव्हण्याने दोर बदललाच नाही. मी हसले नाही. म्हणजे हसले, पण कपात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. मी इथे बसून ह्या लोकांची थट्टा करते आहे, पण रस्त्यात शिवी ऐकली की मीही अंग चोरते. आजवर एक शिवी मी उच्चारलेली नाही की लिहिलेली नाही. बाबा रुग्णालयातल्या लिफ्ट दुरुस्त करताना जे बोलायचे ते ऐकू येऊ नये म्हणून मी लहानपणी जिन्यात जाऊन पाढे म्हणायचे. तेव्हा मी कोणत्या बाजूची, ते मलाच नक्की माहीत नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या चिमीचं प्रकरण आहे, बंद पडलेल्या लिफ्टचं. तू ते माझ्याकडून ऐकून लिहिलंस. नावं बदललीस, बाकी एक अक्षर बदललं नाहीस. मला त्या बुधवारची भीती वाटते.

आईला नमस्कार सांग. तुझ्यावर रागावले नाही, हे न सांगताही कळावं इतपत लोभ आहे.

तुझी,
ताई

उद्या: जुना टायपिस्ट सोडून चाललाय, नवा बघणे.


दि. २० फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा हसलो, एकदा नाही. त्या मेव्हण्याने दोर बदललाच नाही हे वाक्य मी इथल्या लिफ्ट-तपासनीसांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आता आमच्याकडे प्रत्येक चुकार कंत्राटदार मेव्हणा झाला आहे. परवा मी एका इमारतीच्या लिफ्टला नापास केलं तर मालकाने मला फोनवर जे ऐकवलं, ते तुमच्या टेबलावर वाजवायचं तर तबलजी लागेल.

आणि पत्राखाली अजून उद्याचं काम लिहितेस. रोजनिशीची सवय पत्रात सांडते तुझी. असू दे. त्यामुळेच पत्र तुझं आहे याची खात्री पटते.

आता मुद्द्याचं. ताई, मला दुसरा प्रकाशक मिळेल. एकाने तर अजून चार शिव्या घाला म्हणून सुचवलं. पण आई तुमच्या प्रकाशनाच्या दिव्याच्या शिक्क्याशिवाय एकही पुस्तक घरात येऊ देत नाही, तुला माहीत आहे. आणि हे पुस्तक मी एकाच वाचकासाठी लिहिलंय.

तुला आठवत असेलच, तरी लिहितो. चिमीच्या अंत्यविधीला काकांनी व्यासपीठावरून सांगितलं की माझा भाऊ मेलेल्या लेकीला घेऊन दोन मजल्यांच्या मधे अडकला आणि अशा वेळीही त्याच्या तोंडून निघालं, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. सगळं मंदिर रडलं. आई रडली नाही. पुढे बाबा असेपर्यंत आई आणि बाबा दर रविवारी एकाच बाकावर बसले, पण मधे एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. त्या जागेत आधी तू बसायचीस, मग मी, आणि आपण मोठे झाल्यावर ती नुसतीच मोकळी असायची.

त्या लिफ्टमध्ये फक्त बाबा आणि तू होतात. तू काकांना खरं सांगितलंस आणि काकांनी ते धुऊन वाळत घातलं. बाबांनी कधी खोडून काढलं नाही. तुलाही त्यांनी सांगितलं, आईला हे कळू द्यायचं नाही, तिला काका म्हणाले तसंच राहू दे. त्यांना वाटलं असेल की आपण देवाला जे बोललो त्याच्यापेक्षा ते वाक्य बरं दिसतं. बाबांच्या शब्दाबाहेर तू गेली नाहीस, मी पण नाही. पण बाबा आता नाहीत, आणि आई अजून त्या बाकावर तेवढी जागा सोडून बसते.

बाकीच्या शिव्या तुमच्या समितीने तळून खाव्यात. मेव्हणा ठेवा, मावसभाऊ ठेवा. लिफ्टमधलं ते एक वाक्य जसंच्या तसं हवं. नाही तर हस्तलिखित परत पाठव, मी पुन्हा मागणार नाही.

काकांना माझा नमस्कार सांगू नकोस, गैरसमज व्हायचा. तू मात्र आहेस तशीच राहा, जपून.

तुझा,
टिल्या


दि. ३० मार्च

चि. टिल्यास,
अनेक आशीर्वाद.

एक घोटाळा झाला आहे आणि त्यात माझा हात आहे, कारण नवा टायपिस्ट मी नेमला. कोर्टात आयुष्यभर साक्षी उतरवून घेतलेले गृहस्थ आहेत, निवृत्त. ऐकू येईल ते आणि तेवढंच टाइप करतात, चेहऱ्यावर रेष हलत नाही. जुना टायपिस्ट ठोक्याच्या जागी टिंबं द्यायचा. ह्यांना ते सांगायचं मी विसरले.

त्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी चिमीचं प्रकरण वाचलं.  बाबांच्या त्या वाक्यापाशी त्या थांबल्या, दोनदा ठोकलं आणि पुढे गेल्या. खाली तालीमही नेमकी थांबली होती. गाळलेल्या जागी पर्याय ठरेपर्यंत प्रत अपुरीच धरायची; काका पुढच्या वेळी विचार करू म्हणाले.

इकडे आपल्या कौटुंबिक मासिकाला चार पानं कमी पडत होती. मासिकवाल्यांनी टाइप झालेल्या प्रतींच्या गठ्ठ्यातून वरचं प्रकरण उचललं आणि छापलं. बाबांची प्रार्थना आता अख्ख्या महाराष्ट्रात... नाही, हे उगीच. सरळ लिहिते. मासिकात मेकॅनिक मेलेल्या लेकीच्या स्ट्रेचरशेजारी उभा राहून वर बघतो आणि म्हणतो, ए टक टक.

पहिल्या आठवड्यात कौतुकाची पत्रं आली. एका वाचकाने लिहिलं की प्रभूच्या दारावर थाप मारणारा शोकाकुल पिता लेखकाने किती नाजूकपणे उभा केला आहे. काकांनी ते पत्र फळ्यावर लावलं. दुसऱ्या आठवड्यात रविवारच्या वर्गातल्या एका मुलीने शेजारचीला पेन्सिल देत नाहीस म्हणून टक टक म्हटलं. पोरांना शिकवावं लागत नाही, टिल्या. शब्द कोणत्या जागी बसलाय ते बघून तो काय आहे हे ती ओळखतात. आता अख्खा वर्ग एकमेकांना टक टक म्हणतो, आणि ज्यांच्यावर फार राग असेल त्यांना टक टक टक. तीन ठोक्यांचा अर्थ त्यांना कुणी सांगितला, देव जाणे.

गेल्या मंगळवारी काकांचं बोट पुस्तकांच्या लोखंडी कपाटात चेमटलं. मी शेजारी उभी होते. त्यांच्या तोंडून काय निघालं ते तुला सांगायला नकोच. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मी यादी वाचत असल्यासारखं केलं. त्या दिवसापासून फळ्यावरचं पत्र नाहीसं झालं आहे.

समितीने ठराव केला की टक टक हाही यापुढे निषिद्ध. त्याच्या जागी काय ठोकायचं यावर उपसमिती नेमली आहे.

हसून झालं की एक काळजी सांगते. मासिक तुमच्याकडेही येतं. आईच्या आधी ते तुझ्या हाती पडेल असं बघ. तिला असं अर्धवट, ठोक्यांसकट वाचायला मिळू नये.

माझ्या विसरभोळेपणावर हसलास तरी चालेल, मनात राग धरू नकोस.

तुझी,
ताई

उद्या: टायपिस्टना ठोक्यांचं समजावणे.


दि. ८ एप्रिल

चि. ताईस,
अ. उ. आ.

टिल्याकडे पत्र टाकायला दिलं की ते दोन दिवस त्याच्या खिशात हिंडतं, म्हणून हे मीच टाकणार आहे. गुडघा बरा आहे. तू औषध पाठवलंस ते लावते, वास फार.

मासिक वाचलं. टिल्याने कपाटामागे लपवलं होतं. घर झाडते मी आणि लपवतो तो, चाळिशी गाठली तरी अक्कल तेवढीच. पहिल्या पानावर पान्याचं लिहिलंय, मेकॅनिकच्या खिशातून डोकं बाहेर काढलेल्या पान्याचं, तिथेच कळलं की हे आपलं घर आहे.

त्या दिवशी मी खाली जाळीच्या दाराशी उभी होते, टिल्याला धरून. जिन्याने आम्हाला पुढे पाठवलं होतं. लिफ्ट मधेच थांबली. वरचं बोलणं काही कळत नव्हतं, नुसता ठोकण्याचा आवाज येत होता, लोखंडावर लोखंड. टक टक, टक टक. मग लिफ्ट हलली. मासिकात ते वाचलं आणि वाटलं, इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा बरोबर लिहिलं.

भावजींनी मंदिरात सांगितलं होतं तेव्हाही मला वाटलं होतं की हे शब्द ह्या माणसाचे नव्हेत. पण सांगणारा पाळक, आणि ज्याचे शब्द तो मान खाली घालून बसलेला. मग मी मानलं. मानलं, आणि तुझ्या बाबांना माफ केलं नाही. वाटलं, शेजाऱ्याचा पाना काम झालं की परत द्यावा तशी पोर देऊन टाकली ह्यांनी. एक शब्द भांडले नाहीत. लिफ्टशी भांडणारा माणूस, स्टोव्हशी भांडणारा माणूस, आणि चिमीसाठी तेवढा सभ्य झाला.

टिल्याला विचारलं तर तो म्हणाला, ताईला विचार. म्हणून विचारते. टक टकच्या जागी काय होतं? गुळमुळीत लिहू नकोस. मी त्यांचे कपडे धुतले, डबे भरले, ते काय काय बोलायचे ते मला पाठ आहे. भावजींना वाटतं मला ठाऊक नाही. वाटू दे बिचाऱ्यांना.

जेवत जा वेळेवर. तुझ्या उत्तराची वाट बघते आणि तुझी आठवण काढते.

आई


दि. १७ एप्रिल

चि. टिल्यास,
अनेक आशीर्वाद.

आधीच्या पत्रात मी एक वाक्य सुरू करून सोडलं होतं, महाराष्ट्राबद्दल. विनोद करायला गेले आणि जमला नाही. अवघड जागा आली की मी विनोदाकडे पळते, ठोकण्यासारखंच आहे ते. तेव्हा आज सरळ लिहिते.

आईला मी उत्तर लिहिलं. तुलाही तेच लिहिते, कारण तू कादंबरीत लिहिलेलं माझ्या हाताने एकदा लिहिलेलं असावं. बाबांनी पाना काढून लिफ्टच्या भिंतीवर पुन्हापुन्हा मारला आणि वर बघून म्हणाले, “ए भडव्या, घेतलीस ना तिला? मग आता लिफ्ट तरी चालव. तिची आई खाली उभी आहे.” लिफ्टला धक्का बसला आणि ती हलली. मग बाबा त्याच आवाजात, कामावरच्या सोबत्याला म्हणावं तसं, आभारी आहे म्हणाले. आणि चिमीची चादर नीट केली.

तो शब्द लिहिताना पेन थबकलं. लिहून झाल्यावर पाहिलं तर तो इतर शब्दांइतकाच दिसत होता, ना मोठा ना काळा. पुढचं वाक्य मात्र मला पुन्हा वाचवेना. इतकी वर्षं आपण सगळे पहिल्या शब्दाला घाबरलो आणि त्याच्यामागे उभं असलेलं वाक्य गाळत आलो.

आईचं उलट टपाली कार्ड आलं. त्यावर एवढंच आहे: मग ठीक आहे. बाकावर जागा उगीच सोडली.

काकांकडे गेले होते. टक टक निषिद्ध झाल्याने उद्या ते प्रकरण नव्याने वाचायचं आहे. त्यांनी हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने पर्याय लिहून ठेवलाय, टोक करून, सुवाच्य अक्षरात. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तेच. मी आईचं कार्ड त्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले की मी तेव्हा तुझ्या बापाची अब्रू राखली. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना खरंच तसं वाटतं. मी म्हणाले की संदेष्ट्यांनी आपल्या जन्माच्या दिवसाला शाप दिले तेही आपणच छापतो. ते म्हणाले, संदेष्ट्यांची गोष्ट वेगळी. मी म्हणाले की बाबा ज्याला उद्देशून बोलले त्याने ते ऐकलं आणि लिफ्ट चालवली, त्याची काही तक्रार दिसली नाही. यावर काकांनी चष्मा पुसायला घेतला. माझ्या आवाजात उर्मटपणा होता का, याचा घरी येईपर्यंत विचार करत होते. होता. राहू दे म्हटलं.

डॉक्टरीणबाईंची उद्या रुग्णालयात पाळी आहे, त्या येणार नाहीत. त्यांच्या जागी मी वाचायचं. त्यांनी जाताजाता मला निरोप पाठवला आहे की त्या पानावर घसा बसतो, पाणी जवळ ठेव. टायपिस्टना मी सांगितलं आहे की ठोके टाइप करू नका. त्यांनी विचारलं की आणि शब्द? मी म्हटलं, शब्द ऐकू आला तर टाइप करायचा. ते म्हणाले, तेच तर मी आयुष्यभर केलं. भर कोर्टात वकिलांनी घसा फोडला, तरी एकदा टाइप झालेलं वाक्य ह्यांनी कधी खोडलेलं नाही. आणि मंजूर प्रतीला हात लावायचा नाही हा नियम काकांचाच आहे.

मग माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे असं आई कधीपासून म्हणते, तेही डोक्यात आहे. घाबरले आहे का? हो. हा शब्द तीन भल्या माणसांसमोर, खाली भजनाचे सूर चालू असताना, माझ्या तोंडून निघेल का याची मला खात्री नाही. संध्याकाळी खोलीचं दार लावून म्हणून पाहिला. पहिल्यांदा बोट आपोआप टेबलावर गेलं.

तुम्हा दोघांचा लोभ आहे म्हणून एवढं बळ आहे. तो शिव्यांसकट असू दे.

तुझी,
ताई

उद्या: वाचताना दोन्ही हात मांडीवर ठेवायचे.